एका फटक्याची साक्ष

धाकट्याचं दुसरं लग्न मोडलं, त्याच वर्षी थोरल्याने गोल्फच्या मैदानावर एका फटक्यात चेंडू भोकात घातला. या घरात वर्षं अशीच लक्षात राहतात. कोणाचं लग्न, कोणाचं पडणं, कोणाचं जाणं. त्या वर्षात आत्याचं पडणंही होतं. न्हाणीघरात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, आणि शस्त्रक्रियेनंतर हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं की आता जिना बंद.

आत्या नऊ वर्षं या दोघांच्या बहिणीकडे, ताईकडे राहत होती. ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर, खाली तळमजल्याला तिच्या नवऱ्याचा, म्हणजे जावयाचा, दातांचा दवाखाना आणि मध्ये अरुंद जिना. तपासणीला न्यायचं झालं की आत्याला खुर्चीसकट उचलावं लागे. पुढून जावई, मागून ताई. एकदा मधल्या वळणावर ताईचा गुडघा दुमडला, तेव्हा तिघंही थोडक्यात वाचली.

थोरल्याकडे लिफ्ट होती आणि एक रिकामी खोली होती. रिकामी म्हणजे माणसाविना. त्या खोलीत त्याने जमिनीला हिरवं खोटं गवत चिकटवून घेतलं होतं, आणि रोज सकाळी दाढी करण्याआधी तो त्यावर चेंडू ढकलायचा सराव करी. आत्या पडल्यावर ताईने त्याला दोनदा विचारलं. पहिल्यांदा तो म्हणाला, "बघू." दुसऱ्यांदा त्याची बायको, वहिनी, म्हणाली, "त्यांना तुमच्याकडची सवय झालीय. या वयात माणूस हलवू नये."

गोल्फ हा काही या घरातला खेळ नव्हे. या तिघांचा बाप लेथवर काम करायचा. आधी आई गेली, मग तोही लवकर गेला. इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरी पिळून आत्याने तिघांना वाढवलं. पण त्या काही वर्षांत हवाच अशी पसरली की चाळिशी ओलांडलेला आणि दुसरी गाडी घेतलेला जो तो काठ्यांची पिशवी खांद्याला लावून फिरू लागला. बँकेतले, विमा कंपनीतले, संगणकवाले, डोळ्यांचे डॉक्टर. ज्यांच्या बापांनी ते मैदान कुंपणाबाहेरूनसुद्धा पाहिलं नव्हतं, ते रविवारी पहाटे उठून शिकवणीला जाऊ लागले. पूर्वी क्लबात नाव लागायला बापाचं नाव लागे. आता पगाराची पावती पुरत होती.

थोरला रंगाच्या कंपनीत खरेदी विभागाचा व्यवस्थापक होता. त्याच्या बैठका पडद्यावर चालत, चार देशांतल्या लोकांशी. सुरुवातीची पाच मिनिटं ते लोक गोल्फवर बोलत. चौघांच्या चार भाषा, पण गोल्फ सगळ्यांचं एक. थोरला तेवढा वेळ हसरा चेहरा करून गप्प बसे. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की जवळचं कोण आणि लांबचं कोण, हे त्या पाच मिनिटांतच ठरतं. पुढचा तास नुसता आकड्यांचा. म्हणून तो पन्नाशीत खेळ शिकला. वाईट शिकला. तळ्यात चेंडू घालवणारा म्हणून क्लबात त्याला ओळखत.

आणि अशा माणसाच्या हातून तो फटका गेला.

त्या रविवारी त्याचे नेहमीचे सोबती आले नव्हते, म्हणून त्याने जावयाला पाहुणा म्हणून नेलं होतं. जावई थोडा वेळ खेळून कंटाळला आणि पायवाटेने पुढे जाऊन एका झाडाखाली उभा राहिला. थोरल्याने मारलं. झेंडा उंचवट्याच्या पलीकडे होता, मारणाऱ्याला दिसत नव्हता. तो चालत तिथे पोचला तर चेंडू भोकात.

असा फटका एखाद्याच्या हातून जन्मात एकदा जातो, बहुतेकांच्या हातून तेवढाही जात नाही. तो ज्याचा जाईल त्याने सगळ्यांना खाऊपिऊ घालायचं, अशी या खेळाची रीत आहे. थोरल्याने पुढच्या शनिवारी दुपारचं जेवण ठरवलं. कंपनीचे संचालक आले, क्लबातले दहा-बाराजण आले, आणि घरची सगळी आली. आत्यालाही आणा, असं थोरल्याने मुद्दाम सांगितलं. जिन्यावरून तिला कोण उतरवणार, हे काही त्याने विचारलं नाही.

*

क्लबाच्या जेवणघराला मोठ्या काचा होत्या आणि काचांपलीकडे उतरतं हिरवं रान. आत्याची चाकाची खुर्ची टेबलाच्या टोकाला लावली होती. शेजारी धाकटा. तो शाळेची बस चालवायचा, आणि आज इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

"तू कसा काय आलास?" आत्या म्हणाली. "तुझ्या भावाच्या वास्तूला नव्हतास."

"तेव्हा माझं लग्न टिकून होतं. बायको पाठवत नव्हती."

"मग आता बराच येशील."

"फुकट मिळेल तिथे सगळीकडे."

आत्याने काचेबाहेर पाहिलं. "एवढं मोठं रान आणि एवढंसं भोक. घालायचंच होतं तर जवळ जाऊन घालायचं."

"जवळूनसुद्धा त्याचा जात नाही, आत्या. म्हणून तर आज जेवण आहे."

ताई हसली. जावई हसला. टेबलाच्या दुसऱ्या बाजूने वहिनीने एकदा पाहिलं, आणि मग धाकट्याने सूप आवाज न करता प्यायला घेतलं.

थोरला त्या दिवशी वेगळाच दिसत होता. संचालकांनी सगळ्यांसमोर त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. सतरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. त्यांनी त्याला शेजारी बसवून घेतलं होतं आणि तो फटका पुन्हा पुन्हा सांगायला लावत होते. कोणती काठी घेतली, वारा कुठून होता. थोरला सांगत होता, आणि आपण सांगतोय आणि हे लोक ऐकताहेत याचंच त्याला इतकं बरं वाटत होतं, की जेवण समोर तसंच पडलं.

मग तो ग्लास घेऊन उठला.

"मी फार बोलत नाही," तो म्हणाला. "आज जो काही आहे तो माझ्या माणसांमुळे. ही माझी आत्या. आम्ही तिघं हिच्या हातची. खरं तर हिने माझ्याकडेच राहावं अशी माझी किती वर्षांची इच्छा आहे. खोलीसुद्धा ठेवलीय. पण आमचे डॉक्टर काही सोडत नाहीत तिला. दातांच्या माणसाची पकड म्हणतात ती हीच."

सगळे हसले. संचालक मोठ्याने हसले. आत्याने हातातला पाव खाली ठेवला.

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा हसरा होता, पण कान लाल झाले होते. हे ताईलाच कळलं असतं.

तेवढ्यात क्लबाचे चिटणीस उठले. वयस्कर, ताठ माणूस. त्यांनी घसा साफ केला. "भिंतीवरच्या पाटीवर नाव लावायचं तर आमचा एकच नियम. चेंडू आत जाताना दुसऱ्या कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेला हवा. डॉक्टरसाहेब, आपण होतात सोबत. औपचारिकताच आहे, पण सर्वांसमोर सांगा."

जावयाने रुमालाने तोंड पुसलं.

"मी सोबत होतो," तो म्हणाला. "पण त्या वेळी मी फोनवर होतो. चेंडू आत जाताना मी काही पाहिला नाही."

कोणीतरी काटा खाली ठेवला तो ऐकू आला.

"नीट आठवा, डॉक्टर," थोरला म्हणाला. तो अजून हसत होता. "तुम्ही झाडाखाली होतात."

"झाडाखालीच होतो. फोनवर."

चिटणीस म्हणाले, "बरं. बघू आपण," आणि बसले. संचालकांनी शेजारच्या माणसाकडे वळून पावसापाण्याचं काहीतरी विचारलं. थोरला ग्लास हातात धरून तसाच थोडा वेळ उभा होता, कारण बसायचं कसं हे त्याला सुचेना.

*

बूट पुसायचे ब्रश लावलेल्या मागच्या बोळात ताईने नवऱ्याला गाठलं.

"तुम्ही पाहिला होतात ना?"

"पाहिला. भोकाच्या काठावरून एक वेढा घेतला आणि पडला. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो वेड्यासारखा."

"मग?"

"मग काय? 'डॉक्टर सोडत नाहीत.' नऊ वर्षं. तिची कवळी मी केली, तिचं बेडपॅन मी उचललं, आणि हा ग्लास घेऊन उभा राहतो. जीभच वळली नाही माझी हो म्हणायला." त्याने नळ सोडून तोंडावर पाणी मारलं. "पण चूक झाली. तोंडावर खोटं बोललो मी. आत्ताच जाऊन सांगतो, चेष्टा केली म्हणून. अजून तेवढ्यावर निभेल."

तो निघाला. ताईने त्याची बाही धरली.

"थांबा."

"का?"

"थांबा म्हणते ना."

पुढे कितीतरी वर्षं ताईला तो क्षण आठवायचा. तिने हे ठरवून केलं नव्हतं. तिला फक्त जिन्याचं ते मधलं वळण दिसलं, आणि आपला गुडघा. नवरा चांगला माणूस होता, पण चांगल्या माणसाच्या चांगुलपणाचं अर्धं ओझं बायकोच्या कंबरेवर असतं, हे त्याला नऊ वर्षांत कळलं नव्हतं. आणि आज पहिल्यांदा भावाला हवी अशी एक गोष्ट तिच्या मुठीत होती.

थोरला आलाच. मागून वहिनी.

"हा काय तमाशा आहे?" थोरला हळू आवाजात म्हणाला. "माझा संचालक बसलाय तिथे."

"माझा नवरा पाहिलं नाही म्हणतोय," ताई म्हणाली.

"ताई, त्याने पाहिलंय. त्या दिवशी माझ्याशी हात मिळवला त्याने."

"आठवेल मग त्यांना. माणसाला घरची काळजी असली की आठवत नाही."

वहिनीला आधी कळलं. "म्हणजे आता सौदा का?"

"तुझ्या नवऱ्यानेच चारचौघांत सांगितलं, वहिनी. किती वर्षांची इच्छा आहे, खोली ठेवलीय. मी तेवढीच मागतेय. जी आहे म्हणाला ती."

"ताई," जावई म्हणाला. घरात तोही तिला ताईच म्हणायचा, सगळ्यांची सवय लागून. "हे नको. मी जाऊन सांगतो."

"तुम्ही बोलू नका. तुम्ही आज पुष्कळ बोललात."

थोरल्याने भिंतीला हात टेकला. आतून भांड्यांचा आवाज येत होता, बोलण्याचा येत नव्हता. तेवढ्यात धाकटा बोळात डोकावला. "दादा, तुझे साहेब घड्याळ बघताहेत."

"तू सांग हिला काहीतरी," थोरला म्हणाला.

धाकट्याने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी थोरल्याने त्याला जामीन राहायला नकार दिला होता, आणि ताईने महिनाभर डबा पाठवला होता. तरी आज आल्यापासून तो थोरल्याचंच पीत होता. "मी काय सांगू," तो म्हणाला. "पण खोली आहे तुझ्याकडे, दादा. तुझ्या चेंडूंना आहे."

"तू ठेव ना मग तिला."

"ठेवली असती. माझ्या खोलीत संडास अंगणापलीकडे आहे."

मग थोरला बायकोकडे न बघता म्हणाला, "पुढच्या रविवारी. गाडी पाठवतो."

"गाडी नको पाठवू," ताई म्हणाली. "तू ये."

*

जावई टेबलाशी परत आला. पंचवीस वर्षं तो लोकांना 'दुखणार नाही' असं सांगत आला होता आणि त्याचा आवाज कधी कापला नव्हता. आज कापला.

"चिटणीससाहेब," तो म्हणाला, "मला आठवलं. मी पाहिला होता चेंडू. काठावरून फिरून आत गेला."

चिटणिसांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बोळाकडे पाहिलं, जिथून एकामागून एक चौघंजण बाहेर येत होती. थोरल्याचा चेहरा, वहिनीचा चेहरा. ते जुने माणूस होते.

"आठवलं," ते म्हणाले.

"हो."

"छान." त्यांनी रुमालाची घडी घातली. "समितीला कळवतो."

टाळ्या झाल्या. दोघा-तिघांनी वाजवल्या, मग सगळ्यांनी. संचालकांनी थोरल्याशी हस्तांदोलन केलं, पण या वेळी टेबलाच्या पलीकडून, आणि गोड पदार्थ यायच्या आत ते निघून गेले. थोरल्याला ते दिसलं. त्याला हेही दिसलं की दोन टेबलं सोडून कोणीतरी 'आठवलं' असं म्हणालं आणि बाकीचे खाली मान घालून हसले. त्याने खरंच मारला होता तो चेंडू. साऱ्या जन्मात एकच गोष्ट अशी सरळ, उंच, वाऱ्याचा अंदाज घेऊन केलेली. आणि ती त्याच्या डोळ्यांदेखत खोटी होत होती. काही बोलावं तर आणखी खोटी झाली असती.

परतीच्या वाटेवर आत्या गाडीत पुढे बसली होती. ताई मागे.

"जावईबापू," आत्या म्हणाली, "चेंडू पाहिलात का तुम्ही?"

"पाहिला, आत्या."

"मग आधी नाही कशाला म्हणालात?"

जावयाने गाडी वळणावर घेतली. आत्याने मान वळवून मागे ताईकडे पाहिलं. ताई खिडकीबाहेर बघत होती.

"कधी जायचंय मला?" आत्याने विचारलं.

"रविवारी," ताई म्हणाली. "लिफ्ट आहे, आत्या. मोठी खिडकी आहे. तुला बरं पडेल."

"मला काय, मला कुठेही बरं पडतं." थोडा रस्ता गेला. "सांगितलं असतंस ना मला, तर मीच गेले असते. त्याच्या दारात जाऊन बसले असते. त्याची काय टाप होती मला नाही म्हणायची? तू मला असं भोकात घालायला नको होतंस."

"तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस."

"म्हणाले असते," आत्या म्हणाली. "पण विचारायचं."

*

थोरला रविवारी आला आणि आत्याला घेऊन गेला. समितीची बैठक पुढच्या महिन्यात झाली. समितीने म्हटलं की साक्षीदाराने दोन साक्षी दिल्या आहेत, तेव्हा विषय इथेच संपला. पाटीवर नाव लागलं नाही. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण क्लबात थोरल्याचं नाव 'आठवलंसाहेब' पडलं, आणि ते कंपनीत पोचायला फार दिवस लागले नाहीत. पडद्यावरच्या बैठकीत सुरुवातीची पाच मिनिटं तो आता पुन्हा गप्प बसू लागला. या वेळी हसरा चेहराही करीत नव्हता.

त्याने ताईला फोन केला.

"नाव लागलं नाही," तो म्हणाला.

"ऐकलं मी. वाईट वाटलं."

"ठरलं होतं ते नावाचं ठरलं होतं."

"दादा, ती काय उसनी आणलेली वस्तू आहे?"

"ते तू मला विचारू नकोस. बोळात तू उभी होतीस."

ताईने फोन ठेवला. जावयाने नंतर चिटणिसांना जाऊन सगळं खरं सांगितलं. रागाचं, खोलीचं, सगळं. चिटणिसांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाले, "डॉक्टर, आता तिसरी साक्ष कुठे ठेवू?"

एका सकाळी थोरल्याची गाडी दवाखान्याशी थांबली. त्याने आत्याला खुर्चीत बसवून आत आणलं, पिशव्या भिंतीशी ठेवल्या आणि तिच्या पाया पडला. मग तो जिना न चढता निघून गेला. आत्या रांगेतल्या रोग्यांमध्ये बसून राहिली. गाल सुजलेल्या एका बाईने तिला विचारलं, "तुमचा नंबर कितवा?"

"माझं घाईचं नाही," आत्या म्हणाली. "तुम्ही व्हा पुढे."

जावयाने दार उघडून पुढच्या माणसाला हाक मारली, तेव्हा ती त्याला दिसली. त्याने तसंच दार लोटून घेतलं आणि वर ताईला फोन केला.

दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक खोली होती. दातांच्या साच्यांसाठी लागणाऱ्या प्लास्टरच्या गोण्या, एक बंद पडलेलं यंत्र, जुनी खुर्ची. शेजारीच मोरी. दोघांनी मिळून ती दुपारपर्यंत मोकळी केली, जमीन धुतली आणि वरून आत्याचा पलंग खाली आणला. पलंग नीट बसला. खिडकीतून उजेड येत होता. जिन्याचा प्रश्न उरला नाही. ताई हातातला झाडू तसाच धरून पलंगाच्या कडेला बसली. ही खोली आत्या पडली तेव्हाही इथेच होती. ताईच्या ती तेव्हाच मनात आली होती, जावयाच्याही आली होती. पण दोघं एकमेकांशी बोलले नव्हते, कारण बोलले असते तर थोरल्याकडे मागायला काही उरलं नसतं.

"तुमच्या लक्षात आली होती ना?" ताईने विचारलं.

जावई पलंगाच्या पायाखाली लाकडाचा तुकडा सरकवत होता. "हो," तो म्हणाला. "तुझ्या?"

ताईने मान हलवली आणि उठून आत्याला आणायला गेली.

थोरला नंतर त्या घरी आला नाही, आणि ताईनेही बोलावलं नाही. धाकटा दर बुधवारी बस लावून यायचा आणि आत्याशी पत्ते खेळायचा. आत्या जिंकायची. थोरल्याबद्दल ती वाईट बोलली नाही, ताईबद्दलही नाही. फक्त ताईच्या हातचं औषध घ्यायचं तिने बंद केलं. जावयाच्या हातचं घ्यायची.

आत्या त्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात वारली, दवाखान्यामागच्या खोलीत, दुपारी, पलीकडे जावई एकाचा दात काढत असताना.